शिवणीवर तुटलेलं पाणी

क्योतोतल्या तोकुजींच्या किमोनो रंगवायच्या कारखान्यात एक नियम होता, आणि तो मोडणाऱ्याची तोकुजी गय करत नसत. किमोनोची शिवण ओलांडताना रेघ तुटता कामा नये. कापड आधी कच्चं शिवायचं, निळ्या फुलाच्या रसानं त्यावर चित्र काढायचं, मग टाके उसवून पट्ट्या वेगवेगळ्या रंगवायच्या. पुन्हा जोडल्यावर फांदीला फांदी भिडली नाही, तर ते नवशिक्याचं काम. "शिवणीवर रेघ तुटली की हात तुटला समजा," असं ते म्हणत.

तिथंच काम करणाऱ्या मिसाओनं रंगवलेल्या किमोनोवर नेमकी पाठीच्या मधोमध रेघ तुटली होती.

बिचारीनं उभी हयात दुसऱ्यांच्या रेघांत रंग भरला. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा स्वतःचं चित्र वाट्याला आलं, तेही नृत्य शिकवणाऱ्या शिगेनोबाईंनी एका जुन्या चित्रपटातल्या गाण्यावर नाचायचं ठरवून त्यासाठी किमोनो सांगितला म्हणून. तो चित्रपट मिसाओला तोंडपाठ होता. तिचे वडील यासुके चौकातल्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे आणि तिचं बालपण त्या गरम खोलीतच गेलं होतं. संध्याकाळचं सरोवर, काठचं उंच बोरूचं गवत, त्यातून जाणारी एकटी होडी आणि बासरी. पडद्यावर रंग नव्हते, म्हणून तिनंही राखाडी छटाच घेतल्या. "सुतकात घालायचाय का?" असं तोकुजींनी विचारूनही घेतलं. पाण्याची एकच लांब रेघ खांद्यावरून निघून पाठीवरून घेरापर्यंत उतरत होती. बासरी चढली की रेघ चढायची, बासरी थांबली की पाणी सपाट. आणि पाठीच्या शिवणीपाशी ती वरून एकदम खाली पडत होती.

"गाण्यात असंच आहे," मिसाओनं तेव्हा ठासून सांगितलं होतं.

"असेल तर राहू दे. नसेल तर तू आणि तुझी रंगाची वाटी. पुन्हा स्वतःची रेघ मागायला माझ्याकडे यायचं नाही."

आज बाई किमोनो बघायला येणार होत्या. तोकुजींनी हौसेनं त्या गाण्याची तबकडी पैदा केली आणि लावली. बासरी चढली. मिसाओचं बोट हवेत रेघेबरोबर फिरू लागलं. शिवण आली, बोट खाली पडलं, बासरी मात्र पडलीच नाही. ती आणखी वर गेली आणि एक अख्खी तान घेऊन सावकाश उतरली.

मिसाओच्या पायाखालची जमीन सरकली.

"ही तान तुझ्या पाण्यात कुठंय?" तोकुजींनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "थिएटरात तिथं फिल्म जळली होती, मालक. बाबांनी जळका तुकडा कापून जोड दिला. मी जन्मभर कापलेलंच गाणं ऐकत आले."

"वा! बापानं फिल्म कापली, लेकीनं माझं नाक!"

निळा रस पाण्यानं जातो, पण हा रंग वाफेवर पक्का झाला होता. तो आता कशानंच जाणार नव्हता.

"तोंडातून अवाक्षर काढू नकोस," तोकुजी म्हणाले. "पुढूनच दाखवू. चहा देऊ, गोड देऊ." त्यांनी दांडीवर टांगलेला किमोनो फिरवून पाठ भिंतीकडे केली, तोवर दार सरकलंच.

शिगेनोबाईंनी चहाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मी नाचताना निम्मा वेळ लोकांना पाठ दिसते. फिरवा तो."

किमोनो फिरला. बाई शिवणीजवळ गेल्या आणि त्यांनी तुटक्या जागेवर बोट ठेवलं. तोकुजी माफी मागायला गुडघ्यांवर बसले, कपाळ चटईला टेकलं. मिसाओला वाटलं, आता आपण दुसऱ्यांच्या रेघांत रंग भरतच मरणार.

"चूक माझी आहे, बाई," ती म्हणाली. "मालकांची नाही."

"गप्प बसा जरा दोघंही."

बाई गुणगुणू लागल्या. बोट रेघेवरून चढत गेलं. शिवण आली आणि बाईंचा आवाज, अगदी रेघेसारखा, वरून धाडकन खाली पडला. त्या वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते आणि ओठांवर हसू होतं.

"चौकातलं थिएटर! इथंच उडायचं गाणं. आम्ही पोरी वरच्या खोलीकडे बघून एका सुरात ओरडायचो, 'ए कात्री!'"

"ती कात्री म्हणजे माझे वडील," मिसाओ म्हणाली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "जन्मभर लोकांनी त्यांना त्याच नावानं हाक मारली. रस्त्यानं मान खाली घालून चालायचे."

बाईंचं हसू मावळलं. मग त्यांनी किमोनो अलगद उतरवला, खांद्यांवर घेतला आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

"नीट बसतोय?"

"बसतोय, पण गाणं तर..." मिसाओ म्हणाली.

"बासरीवाल्याला मी सांगते. तिथं उडी मार म्हणावं."

तोकुजी अजून चटईवरच होते. त्यांनी मान वर करून त्या शिवणीकडे पाहिलं आणि पुटपुटले, "पुढच्या किमोनोला काय काढणार आहेस, तेवढं आधी सांग."

मिसाओला ते ऐकूच आलं नाही. आता बाबांची कात्री भर रंगमंचावर, मान वर करून नाचणार होती.