तबकडीची वाटी

माझ्या लग्नात मला व्हायोलिन शिकवणाऱ्या मास्तरांनी एका जर्मन संगीतकाराच्या निवडक रचनांची मोठी तबकडी आहेरात दिली. ती वाजेल असा विजेचा ग्रामोफोन आमच्या परंड्यात एका कापडवाल्यांकडंच होता, म्हणून ह्यांनी ती तिथं नेऊन ठेवली. मला ती एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची होती. मी विचारलं की हे म्हणायचे, "तिथं पुरुषमंडळी बसतात. तू काय म्हणून जाणार?"

संक्रांतीला त्याच घरून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. घरातली कामं लवकर उरकून मी गेले. कापडवाल्यांच्या पत्नीनं काळ्या, झालरीच्या वाटीत सुपारी पुढं केली. वाटीच्या बुडाला गोल लाल कागद होता आणि त्यावर त्या संगीतकाराचं नाव.

"उकळत्या पाण्यात धरली की मऊ पडती, वहिनी," त्या कौतुकानं म्हणाल्या. "ते रडगाणं कुणी ऐकंना. तुमच्या ह्यांना विचारलं, तर म्हणले, करा की, कुणाला पायजे!"

वाण म्हणून त्यांनी तीच वाटी मला दिली. घरी येऊन मी ती ह्यांच्यासमोर ठेवली.

"बघ," हे हसून म्हणाले, "तुझं तुला परत मिळालं."

मी पान वाढलं. त्यानंतर ह्यांच्याकडं स्वतःसाठी काही मागितलं नाही.