ठेवायला परवानगी आहे

माझ्या वडिलांना परवानगी मागायची सवय आहे, आणि त्या सवयीने गेल्या उन्हाळ्यात मला अगदी जेरीस आणलं.

आई गेल्यावर मी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून इंग्लंडात, रीडिंग गावी माझ्याकडे आणलं. बाबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी खिडकीशी बसायचे, संध्याकाळी मी ऑफिसमधून परत येईपर्यंत तिथेच. जेवलात का? हो. बरं वाटतंय ना? हो. त्यापुढे शब्द नाही. बाहेर पडा, लायब्ररीत जाऊन या, असं मी रोज सांगायचे आणि रोज चिडायचे. मग चिडल्याबद्दल स्वतःचाच राग यायचा.

शेजारच्या इंग्लिश आजोबांना विमानं बघण्याचा नाद. त्यांनी आपला जुना स्कॅनर बाबांना देऊन टाकला. हातात मावेल एवढा रेडिओ, पण वैमानिक आणि कंट्रोल टॉवर यांचं बोलणं त्यावर ऐकू यायचं. मग दर रविवारी आम्ही एम फोर महामार्गाने विमानतळाकडे जायला लागलो. कुंपणाजवळ रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, डबा उघडायचा आणि स्कॅनर सुरू करायचा. तिथे बाबा बोलायला लागले. कुठलं विमान कुठून आलं, कुणाला थांबवून ठेवलंय, कुठला वैमानिक कंटाळलाय. आईबद्दलही ते पहिल्यांदा तिथेच बोलले. ती विमानात कानात कापूस घालायची आणि उतरल्यावर काढायला विसरायची. मग टॅक्सीत दोघांचं भांडण. हे सांगताना ते हसले. मी खिडकीबाहेर बघत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते.

एका रविवारी पोलिसांची गाडी आमच्या मागे येऊन थांबली. तरुण पोलीस खिडकीशी वाकला, बाबांच्या मांडीवरची वस्तू बघून "हा स्कॅनर का?" म्हणाला. बाबांनी दोन्ही हातांनी तो पुढे केला. विमानं ऐकतो, असं आपण होऊन सांगितलंही. पोलीस हसला. आमचं पोलिसांचं बोलणं तुम्हाला ऐकू येणारच नाही, ते सगळं कोडमध्ये असतं, असं सांगून त्याने आम्हाला शुभेच्छा दिल्या आणि निघाला. मी सुटकेचा निःश्वास सोडला. बाबांनी मात्र त्याला परत बोलावलं आणि हे लेखी मिळेल का, असं विचारलं. त्याला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

बाबा गंमत करत नव्हते. माझ्या लहानपणी आमच्या घरच्या रेडिओचंसुद्धा लायसन्स होतं. दरवर्षी पोस्टात रांग लावून बाबा लायसन्सच्या पुस्तकावर शिक्का मारून आणायचे, मला बरोबर नेऊन. घरी आल्यावर ते पुस्तक रेडिओच्या खालीच ठेवायचे. तोंडी परवानगीवर ऐकणं त्यांना चोरीसारखं वाटायला लागलं. त्यांनी 'रिस्पेक्टेड सर'पासून 'युअर्स फेथफुली'पर्यंत दोन पानी अर्ज लिहून पोलिसांना पाठवला. मी हातापाया पडले, पाठवू नका. ऐकतील तर ते बाबा कसले.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. अतिशय सभ्य पत्र. स्कॅनर बाळगायला हरकत नाही, लायसन्स लागत नाही, गाडीत ठेवायलाही हरकत नाही. सर्वांसाठी असलेली प्रसारणं आणि हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा ऐकता येतील. पण जे संभाषण आपल्यासाठी नाही, त्यात विमानांचंही आलं, ते मुद्दाम ऐकणं हा गुन्हा आहे.

माझं डोकंच फिरलं. बाळगा, गाडीतून फिरवा, फक्त ज्यासाठी घेतलाय ते करू नका. मी म्हटलं, "बाबा, त्या कुंपणापाशी उभा असलेला प्रत्येक माणूस ऐकतो. कुणी काही म्हणत नाही."

"त्यांनी विचारलेलं नाही," बाबा म्हणाले. "मी विचारलंय."

त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि ते गाडीच्या कप्प्यात ठेवलं. त्यानंतरही आम्ही रविवारी जायचो. स्कॅनर त्यांच्या मांडीवर, बंद. विमानं डोक्यावरून जायची आणि बाबा गप्प. एकदा न राहवून मीच बटण फिरवलं. त्यांनी न रागावता ते परत फिरवलं. मी पत्र लिहिणाऱ्यावर, पोलिसांवर, कायद्यावर आणि सगळ्यात जास्त बाबांवर मनातल्या मनात ओरडत घरी गाडी चालवायचे. मोठ्या कष्टाने बोलायला लागलेला माणूस एका अर्जापायी पुन्हा हो-नाहीवर आला होता.

व्हिसा संपत आला तसं मी त्यांना विमानतळावर सोडलं. आत जाताना ते म्हणाले, स्कॅनर कप्प्यात आहे, पत्रापाशी. मी म्हटलं, सांभाळून ठेवते. मग सवयीने त्याच कुंपणाजवळ जाऊन थांबले. कप्पा उघडला. स्कॅनर पत्राच्या वर होता. पत्र उलटं पडलं होतं, आणि पाठीमागे बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने टॉवरची फ्रीक्वेन्सी, त्यांच्या विमानाचा नंबर आणि सुटायची वेळ लिहिलेली होती.

मी पत्र सुलटं केलं. सगळं पुन्हा वाचलं. बटणावर बोट ठेवून वीसेक मिनिटं बसले. इतके रविवार ज्या माणसाने स्वतःला आवरलं, त्याच्या माघारी मी तो नियम मोडायचा? या एका बाबतीत तरी त्यांचं ऐकावं, असं ठरवलं. त्यांचं विमान डोक्यावरून गेलं तेव्हा गाडीत अगदी शांत होतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. पोचलो, म्हणाले. घर नीट आहे, म्हणाले. मग विचारलं, "ऐकलंस का गं?"

"नाही बाबा. बंदच ठेवला होता," मी जवळजवळ अभिमानाने सांगितलं.



"बरं," बाबा म्हणाले. "मला वाटलं होतं, तू ऐकशील."