हंगाम संपू द्या

आम्ही दोघा नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंच फोडणं. वैशाखातली दुपार होती. ओट्यावर पोतं अंथरलं होतं. मी दगडाने टरफल फोडायचो आणि ती शिरा ओढून चिंचोके काढायची. तिच्या बोटांत जोर उरला नव्हता, तरी माझ्यापेक्षा तिचीच चिंच साफ निघत होती. मधेच हात थांबवून म्हणाली, "अवं, आज राती दत्ताचा शेवटचा सामना हाय. देवाला उलटंसुलटं काय बी सांगू नका." मी म्हणालो, "तू चिंच बघ." एवढंच बोललो. जरा बरं बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

बोरीच्या बाजारात माझ्या बायकोला फुटबॉलवाली म्हणायचे. हे नाव चहावाल्या किसनने पाडलं. जन्मात तिने फुटबॉलला हात लावला नव्हता, पाय तर सोडाच. मेंढरांमागं चालून चालून तळपायाला भेगा पडलेली, कागदावर अंगठा देणारी बाई. पण आमचा एकुलता एक दत्ता परभणीला शेतकी शिकला, गवताच्या कामात हुशार निघाला आणि फिरत फिरत फ्रान्सात एका फुटबॉल संघाच्या मैदानावर गवत राखायला लागला. त्या गावाचं नाव माझ्या जिभेला झेपत नाही. ती नुसतं 'दत्ताचं गाव' म्हणायची. संघ तिथल्या दुसऱ्या फळीतला. किसनने एकदा डिवचलं, "मावशी, दुसरी फळी म्हंजे हलकीच की." ती म्हणाली, "पयली फळी जिल्ह्याची, दुसरी तालुक्याची. तू कुठं जिल्ह्याला चहा इकायलास?" किसनने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

दत्ताचं काम तिला पटायला वेळ लागला. दोन एकरांचं गवत, त्याला पाणी, खत, औषध, थंडीत वरून दिवे लावून ऊब. आणि वाढलं की कापून टाकायचं.

"आन खातं कोन?" तिने फोनवर विचारलं.

"कोनी न्हाई, माय. त्याच्यावर खेळत्यात."

"एक शेळी तरी सोडा रं!"

दोन दिवस ती हळहळली. मग शिकवायला लागली. मेंढरं एकाच जागी बसवली की तिथलं गवत मरतं, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. दत्ता म्हणाला, गोलच्या तोंडाशी गवत टिकत नाही. ती म्हणाली, "तुझी पोरं सामन्याच्या आधी तिथंच नाचत असतील. जागा बदलाया सांग." त्याने साहेबाला सांगितलं. साहेब हसला, पण त्याने जागा बदलली. तेव्हापासून ही त्या संघाला आपला कळपच समजायला लागली.

सामने आमच्या झोपेच्या वेळी व्हायचे. सामना संपल्यावर उखडलेलं गवत बसवून दत्ता फोन करायचा, तेव्हा आमच्याकडं शेळ्यांची धार काढायची वेळ झालेली असायची. ती धार सोडून फोन कानाला लावायची. जिंकले की सकाळच्या चहात साखर वाढायची. हरले की शेळीलाच बोलायची, "नीट उभी ऱ्हा, तुझ्यामुळं झालं." भिंतीतल्या देवळीत तिने अठरा चिंचोके ओळीने मांडले होते. संघ अठरा. त्यातला एक हळदीने पिवळा केलेला, तो दत्ताचा. दर आठवड्याला तो वरखाली सरकायचा. दिवाळीपर्यंत मधे होता. मग खाली घसरायला लागला. खालचे दोन संघ तिसऱ्या फळीत ढकलतात. दत्ताचा करार एकाच वर्षाचा. संघ खाली गेला तर निम्मी माणसं कमी होणार आणि परमुलखातला दत्ता त्यात पहिला.

माघात तिच्या पोटात दुखायला लागलं. परभणीला नेलं. डॉक्टरने गाठ दाखवली, फार पसरलीय म्हणाला, मला बाजूला घेऊन म्हणाला, पोराला बोलावून घ्या. ती काही बहिरी नव्हती. परत येताना एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दत्ताला सांगायचं न्हाई. हंगाम संपू द्या."

हा शब्द तिचाच. दत्ता सीझन म्हणायचा, ही हंगाम म्हणायची. आमच्या मेंढपाळांत हंगामात कळप घेऊन लांब गेलेल्या माणसाला माघारी बोलवत नाहीत. पंचवीस वर्षांमागं मी मेंढरं घेऊन सोनपेठच्या पुढं गोदाकाठी होतो. मेंढ्या व्यायला आलेल्या. इकडं माझी माय वारली. हिने निरोप धाडला नाही. माझ्या भावाने अग्नी दिला. दीड महिन्याने कळप घेऊन आलो, दारातच विचारलं, माय कुठंय? ही तोंडावर म्हणाली, "तुमी आला असता तं निम्मी कोकरं गेली असती. माय काय परत आली असती?" मी वर्षभर तिच्याशी धड बोललो नाही. भाकरी वाढायची, मी खायचो. एवढाच संसार.

आणि तीच बाई आता मला तेच करायला सांगत होती. मी म्हणालो, "मी सोसलंय. पोराला नको." तिने भर एसटीत माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. शपथ झाली.

शपथ मोडता येईना, म्हणून मी दुसरी वाट काढली. बिरोबाला गेलो आणि बोकडाचा नवस बोललो. देवा, तो संघ हरू दे. खाली जाऊ दे. करार तुटला की पोरगा आपोआप घरी येईल, मला तोंड उघडायची गरज पडणार नाही. मला काय ठाऊक, ती आधीच जाऊन संघ टिकावा म्हणून बोकड बोलली होती. मग काय झालं, दत्ताच्या संघाचे ओळीने चार सामने बरोबरीत सुटले. संघ ना हरला, ना जिंकला. दत्ता म्हणायचा, असं कधी होत नाही. पुजाऱ्याच्या तोंडून तिला माझा नवस कळला. घरी आली आणि पोट धरून हसली, दुखत होतं तरी हसली. "देव तरी काय करील वो? एकाच घरचे दोन बोकड. एक वर ओढायलाय, एक खाली."

मग हसू गेलं. म्हणाली, "पोराच्या पोटावर पाय द्यायलाव तुमी?"

"मला पोरगा तुझ्या उशाशी पायजे."

तिने पदराचं टोक पिळलं. "मला बी पायजे," ती म्हणाली. "पन हंगाम संपल्यावर."

मी नवस मागे घेतला नाही. हे तिला सांगितलं नाही, आता लिहितोय. सकाळी ती फोनवर असली की मी गोठ्यात उभा राहून तिच्या चेहऱ्याकडं बघायचो. पडला की मला बरं वाटायचं. असं वाटणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

फोनवर ती आवाज बदलायची. झोपून बोलत असली तरी म्हणायची, "शेळ्या सोडायला निघाले." एकदा दत्ता म्हणाला, "माय, तुझा आवाज बारीक येतोय." ती म्हणाली, "तुझा फोनच स्वस्तातला हाय." मी शेजारी उभा. तिने डोळे वटारले आणि मी गोठ्यात गेलो. दत्ता आजही त्या शपथेवरून मला बोलतो. त्याचा राग माझ्या ओळखीचा आहे.

चौतीस सामने संपले तेव्हा पिवळा चिंचोका खालून तिसरा होता. मला वाटलं, सुटलो. फोन उचलला. तिने मनगट धरलं. "अजून दोन हायेत." खरंच होते. खालून तिसरा आला की त्याला लटकवून ठेवतात. तिसऱ्या फळीतल्या संघाशी आणखी दोन सामने, जो जिंकेल तो वर. मी लय चिडलो. "हा कसला हंगाम? संपतच न्हाई!" ती म्हणाली, "मेंढ्या काय तारीख बघून व्यायच्या का?" त्यातला पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसरा त्या चिंचेच्या दिवशी रात्री होता. दिवस मावळताना तिने दोन घास दूधभाकर खाल्ली, तोंड धुतलं आणि लवकर पडली. "सकाळी फोन आला की उठवा," म्हणाली.

पहाटे मी धार काढायला उठलो. तिला हाक मारली. दोनदा मारली. हात लावला तर अंग गार होतं. तिच्या अंगावर चादर नीट केली आणि तिथंच बसून राहिलो. शेळ्या ओरडत होत्या. शेजारी कोणाला हाक मारावी हेही सुचलं नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, टिकलो! माय कुठंय? मायला दे!"

मी म्हणालो, "देतो." आणि फोन तिच्या कानाला लावला. हे बरोबर नव्हतं, मला कळत होतं. पण तिला उठवायला सांगितलं होतं आणि माझ्याच्यानं दुसरं काही झालं नाही. दत्ता बोलत सुटला. आधी एक गोल खाल्ला, मग एक फेडला, मग अगदी शेवटी दुसरा. लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात घुसले. सगळं गवत तुडवलं. "आन माय, मी कोनाला काय बी बोललो न्हाई. मी बी नाचलो." साहेबाने आणखी दोन वर्षांचं कबूल केलं होतं. मी फोन धरून तिच्या तोंडाकडं बघत होतो.

मग तो थांबला. "माय? बोल की."

मी फोन माझ्या कानाला घेतला. "दत्ता, हंगाम संपला का?"

"संपला, आबा."

"सगळा? अजून एखादा सामना उरला न्हाई ना?"

"न्हाई. का?"

मी उंबऱ्यावर बसलो आणि माघापासूनचं सगळं त्याला सांगितलं.