दारावरचा भारद्वाज

परिवहन कार्यालयाच्या आवारात, बाभळीच्या विरळ सावलीत, सरोजिनी खरात आपल्या जुन्या जीपमध्ये बसली आहे. गाडी तपासणारे साहेब जेवायला गेलेत. जाताना बजावून गेलेत की दारावरचं ते रेल्वेचं चिन्ह खरवडून काढा, नाहीतर गाडी इथेच राहील. तिनं कुठूनतरी लोखंडी पट्टी मागून आणली आहे. ती मांडीवर तशीच पडून आहे. उन्हानं डोळे जड होतात, मान कलते.

"बोथट आहे ही पट्टी," कुणीतरी म्हणतं.

शेजारच्या सीटवर अण्णा. तिचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या खाकी सदऱ्यावर रंगाचे शिंतोडे ओले आहेत. सोनारी लाइट रेल्वेच्या डब्याडब्यावर चाकावर बसलेला भारद्वाज काढला तो याच माणसानं; तोच पक्षी आता जीपच्या दारावर आहे.

"साहेब म्हणतात, गाडी सरकारी वाटते."

"आमची लाइन सरकारी होती कधी? कंपनी गेली, रूळसुद्धा भंगारात गेले."

"वकीलबाईही तेच म्हणाल्या. चिन्हावर आता कुणाचाच हक्क उरलेला नाही. फक्त त्यावर धंदा करू नका आणि सरकारी असल्याचा आव आणू नका."

"मग पट्टी कशाला आणलीस?"

जीप केव्हाची चालू झाली आहे. आवाराची भिंत संपून ज्वारी सरकते आहे, खाली रूळ खडखडतात, मागच्या डब्यातल्या बाया अण्णांना रामराम घालतात. एका फलाटावर साहेब टेबल मांडून भाकरी मोडताना दिसतात आणि मागे पडतात.

"शेवटच्या दिवशी मलाही पुसायला सांगितलं होतं," अण्णा म्हणतात. "सगळ्या पक्ष्यांवर काळा रंग मार म्हणे. मी ब्रश नदीत टाकला आणि घरी आलो."

"आणि त्यांनी काय केलं?"

"करणार काय? मी परत गेलोच नाही." ते हसतात. "तू खाली 'खासगी वाहन' लिही. साहेबाला खुर्चीतून वाचता येईल एवढं मोठं. पण पक्ष्याला हात लावू देऊ नकोस."

वळणावर इंजिन शिट्टी देतं. बघायला ती खिडकीतून वाकते, धूर अंगावर येतो.

"डोकं आत घे, सरू."

काचेवर टकटक होते. साहेब उभे आहेत.

"खरवडलं का?"

"नाही. खरवडणारही नाही. 'खासगी' असं खाली लिहिते, ते नियमात बसतं. तरीही गाडी अडवायची असेल तर कोणत्या कलमाखाली ते लिहून द्या."

तिच्या एका डोळ्यातून सारखं पाणी वाहतं आहे, त्याकडे साहेब बघत राहतात. "रडताय कशाला, बाई?"

"रडत नाही. डोळ्यात काहीतरी गेलंय."

ती पदराचं टोक डोळ्याच्या कोपऱ्याला लावते. पांढऱ्या काठावर कोळशाची कणी येते, काळी, अजून कोमट.