हुडाकबाईंची कूस

नागपूरहून लग्न होऊन न्यू जर्सीतल्या पसेइकला आली तेव्हा शरयू बोकीलजवळ होमसायन्सची डिग्री होती, पण तिला इथे कोणी विचारत नव्हतं. नवरा विनय ड्राफ्ट्समन. त्याचा जॉब दोनदा गेलेला. १९८४ साली डॉक्टर गुरुदत्त सबनीसांनी तिला एका नर्सिंग होममध्ये नर्सेस एडचं, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचं, काम मिळवून दिलं. ते तिथले मेडिकल डायरेक्टर. मराठी मंडळात त्यांना सगळे देवमाणूस म्हणत. भेटले की डोक्यावर हात ठेवून "काय बेटा, बरं चाललंय ना?" असं विचारत.

पहिला महिनाभर शरयूला जेवण गेलं नाही. ओली अंथरुणं, बेडपॅन, ग्लासात ठेवलेल्या कवळ्या. घरी आली की ती हात धुऊन पुन्हा पुन्हा हुंगायची. आईला पत्रात मात्र "हॉस्पिटलात आहे" एवढंच लिहायची.

बारा नंबरच्या खोलीत हुडाकबाई होत्या. ऐंशीच्या पुढच्या, स्लोव्हाक, जन्मभर रुमालांच्या गिरणीत राबलेल्या. स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्रजी पार पुसलं गेलं होतं. उरली होती ती माहेरची भाषा. त्यांना स्वतःला हलता येत नसे. शरयू त्यांचं अंग पुसायला लागली की त्या तिचं मनगट धरून म्हणत, "दोब्रा आको कुस ख्लेबा."

शरयूला त्यातलं एकच कळलं: कूस. तिला वाटलं, बाई कूस बदलून मागतायत. तिने त्यांना हळूच डावीकडे वळवलं, पाठीला उशी लावली. बाई हसल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या. शरयूने मग उजवीकडे वळवलं. बाईंचं पोट हसून हसून हलायला लागलं. तेव्हापासून रोज असंच चाललं. तिच्या शिफ्टमध्ये हुडाकबाईंना, पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून, दर दोन तासांनी वळवलं जायचंच, वर दोन-चारदा जास्त.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ती भावाकडे शिकागोला दहा दिवस गेली. परत आली त्या सकाळी बारा नंबरच्या दारातच तिला वास आला. चादर उचलली तर माकडहाडावर बशीएवढी जखम, कडा काळ्या पडलेल्या, आत पिवळं. दहा दिवसांत बाईंना बहुतेक कोणी वळवलंच नव्हतं. प्रत्येक वेळी वळवल्याची नोंद करायचा भिंतीवरचा टर्निंगचा तक्ता कोरा होता. शरयू सिंकवर वाकली आणि सकाळचा चहा बाहेर पडला.

दुपारी हेडनर्सने तिच्यासमोर तो तक्ता ठेवला. गुरुवारी स्टेटचं इन्स्पेक्शन होतं. "दहा दिवसांचे तुझ्या शिफ्टचे चौकोन भर, बाकीचे बाकीच्या भरतील. तुझी सही."

"मी शिकागोला होते."

"तू इथे होतीस असं आम्ही दाखवू."

संध्याकाळी गुरुदत्तकाकांचा घरी फोन आला. आवाजात नेहमीचा लोण्यासारखा मऊपणा. "बेटा, ती बाई आज ना उद्या जाणारच. तिच्यापायी चाळीस लोकांचे जॉब जातील. तू समजूतदार आहेस."

विनय म्हणाला, "कर ना सही, यार. त्यांनीच तर लावलंय तुला तिथे."

दुसऱ्या दिवशी तिने चौकोन भरले. दर दोन तासांनी डावी, उजवी, पाठ. चाळीस चौकोन. चाळीसदा स्वतःची अक्षरं.

त्याच दुपारी चर्चमधले एक स्लोव्हाक फादर हुडाकबाईंना भेटायला आले. बाई शरयूचं मनगट धरून तेच म्हणाल्या. या वेळी त्यांना हसू येत नव्हतं, जखमेच्या दुखण्याने दात आवळून बोलत होत्या.

"त्यांना वळायचंय, मी आलेच," शरयू म्हणाली.

फादर म्हणाले, "नाही, नाही. कुस म्हणजे तुकडा. ख्लेबा म्हणजे ब्रेडचा. आमच्याकडे फार भल्या माणसाला असं म्हणतात: ब्रेडच्या तुकड्यासारखी चांगली. त्या तुमच्याबद्दल सांगतायत."

शरयूने मनगट सोडवून घेतलं. म्हाताऱ्यांच्या घाणीची तिला कधी आली नव्हती एवढी किळस स्वतःच्या हाताची आली. त्याच हाताने तासाभरापूर्वी पेन धरलं होतं.

गुरुवारी इन्स्पेक्टरबाई आल्या तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "हा तक्ता खोटा आहे. मी लिहिलाय. त्या दिवसांत मी शिकागोत होते," असं सांगून तिने विमानाचं तिकीट पुढे केलं.

होमला दंड झाला, शरयूला काढून टाकलं. गुरुदत्तकाकांना मात्र काही झालं नाही. "मला अंधारात ठेवलं" असं त्यांनी लिहून दिलं. हुडाकबाईंना दुसरीकडे हलवलं. शरयू दर रविवारी दोन बस बदलून जायची. जखम भरत आली होती, पण नोव्हेंबरात न्यूमोनियाने त्या गेल्या. विनय तिच्याशी महिनाभर धड बोलला नाही. गणपतीत मंडळात बायका म्हणाल्या, "ज्याने हात दिला त्यालाच चावली."

ती पुढे कोर्स करून प्रॅक्टिकल नर्स झाली, दुसऱ्या एका होममध्ये चार्ज नर्सपर्यंत, म्हणजे पाळीच्या प्रमुखापर्यंत, चढली.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात आयसेलिनला भारतीय किराण्याच्या दुकानात ती रांगेत उभी होती. मागून डोक्यावर हात आला. "काय बेटा, बरं चाललंय ना?"

तिने टोपली तिथेच जमिनीवर ठेवली आणि बाहेर पडली. बर्फ पडत होतं. घरी येऊन तिने कोटही न काढता नळ सोडला आणि केस धुवायला घेतले.