तिसऱ्यांदा 'सर' म्हणायचं न्हाई

बेळगावच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर कल्लाप्पामामा पडला होता. मी जोयड्याहून सकाळची गाडी धरली, रामनगरला बदलली, पिशवीत मोसंब्या घेतल्या आणि दुपारी खाटेसमोर जाऊन उभा राहिलो. मामानं डोळे उघडले. माझ्याकडं नीट बघितलं. नीट म्हणजे त्याच्या पद्धतीनं, एक डोळा बारीक करून. कोणी नवा कागद पुढं केला की तो असाच बघायचा. मग म्हणाला, "सर."

मी मागं वळून बघितलं. वाटलं डॉक्टर आले असतील. मागं कोणी न्हवतं.

"सर," तो परत म्हणाला. जरा मोठ्यानं.

मला हसूच आलं. दोन वर्षांत मामानं मला गाढव म्हटलं, भोंगा म्हटलं, 'तुज्या नरड्यात सात माणसं ऱ्हातात, एकबी भाडं देत न्हाई' असंही म्हटलं. सर मात्र कधी म्हटलं न्हवतं. "काय मामा, औषध लईच कडक हाय वाटतं," मी म्हणालो. तो जरा वेळ बघत राहिला... मग तोंड खिडकीकडं केलं. मी आपला चालूच. नर्सबाईंची नक्कल केली, बेळगाव स्टँडवरच्या अनाउन्समेंटची केली. शेजारच्या खाटेवरचा माणूस हसून हसून खोकायला लागला. मामा हसला न्हाई. मामी स्टुलावर बसून मोसंबी सोलत होती, तीपण हसली न्हाई.

पाच दिवसांनी दुकानात फोन आला, मामा गेला म्हणून. मशीन चालू होतं, कोणाच्या तरी आधार कार्डाच्या कॉप्या निघत होत्या. मी "व्हय... व्हय..." म्हणत राहिलो आणि कॉप्या पाचाऐवजी चाळीस निघाल्या. याला आता दीड महिना झाला. त्या दिवसापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. मामा मला सर का म्हणाला?

माझं जोयड्यात झेरॉक्सचं दुकान हाय. एका कचेरीसमोर. कुठल्या ते विचारू नका, परत आत जायचं हाय मला. दुकानाला लागून पत्र्याचं एक शेड, त्यात टेबल टाकून मामा लोकांचे अर्ज लिहायचा. कन्नडमध्ये लिहायचा, मराठीत समजावून सांगायचा, आणि माणूस कोकणी बोलणारा असला तर कोकणीत चिडायचा. मूळ खानापूरकडचा, आयुष्य सगळं इकडं रानात गेलेलं. असा संशयी माणूस मी दुसरा बघितला न्हाई. पेन दिलं तर टोपण स्वतःकडं ठेवायचा. अर्ज लिहून झाला की समोरच्याला विचारायचा, "मी काय लिवलंय सांग बघू," आणि त्यानं सांगितल्यावर "तुला कोण बोल्लं?" असंपण विचारायचा. मी दुकान टाकलं त्या पहिल्या दिवशी मशीनभोवती दोन चकरा मारल्या, वाकून खाली बघितलं आणि म्हणाला, "कागद भाईर येतोय ते दिसलं. पर आत एक कॉपी ऱ्हात न्हाई न्हवं?"

"ऱ्हाती की मामा," मी म्हणालो. "रोज रात्री बेंगळूरला जाती."

पंधरा दिवस त्यानं माझ्याकडं एकही कागद दिला न्हाई. कॉपी काढायला तीन दुकानं पलीकडं जायचा.

मामाचा सगळ्यात मोठा संशय मात्र 'सर' या शब्दावर. शाळेत आमच्या पुस्तकात त्याचा अर्थ 'महोदय' असा दिला होता. महोदय मी आजवर अर्जाच्या माथ्यावर सोडून कुठं बघितला न्हाई. सर मात्र जिकडंतिकडं. आणि नकलाकार म्हणून सांगतो, शब्द एकच असला तरी आवाज वेगवेगळे. हजेरीतला 'यस्सर' नाकातून निघतो, तो म्हणणाऱ्या पोराला स्वतःलाच ऐकू येत न्हाई. कन्नड 'सार' लांब ओढलेला, त्यात अर्धी तक्रार असती. पाहुणे घेऊन येणाऱ्या होमस्टेवाल्या पोरांचा सर म्हणजे बॅग उचलता उचलता टाकलेला. मोबाइल कंपनीची बाई म्हणती तो सर इतका गोड की लगेच फोन कट करावा वाटतो. आणि डोक्यावर जळणाचा भारा घेतलेला माणूस वाटेत खाकी कपडा दिसला की तोंड उघडायच्या आधीच 'सर' म्हणतो, त्या सरचा अर्थ असतो, मी काय चोरलं न्हाई.

हे सगळे सर मी एकदा चहाच्या टपरीवर करून दाखवले. लोक पोट धरून हसले. मामा एकटा न हसता म्हणाला, "मामा म्हटलं की नातं लागतंय. सायेब म्हटलं की वाकाय लागतंय. सर म्हटलं की दोनी टळतंय. म्हणून माणूस तुला सर म्हणाला की पयला त्येच्या हाताकडं बघ, काय लपवालाय ते." त्याला कोणी अर्ज लिहायला आलं आणि "सर" म्हणालं की तो लेखणी खाली ठेवायचा. "सर आत बसल्यात. मी कल्लाप्पा. काय पायजे ते सांग."

त्याच टपरीवर माझ्याकडून एक आगळीक झाली. कचेरीतल्या साहेबांचा आवाज काढला मी. "हां. काय पाहिजे? लवकर सांगा." बाकावर बसलेली चारपाच माणसं ताडकन उभी राहिली. त्यात बाजारकुणंगकडची एक बाई होती, जानकी. नवरा वारला होता, घराच्या कागदावर तिचं नाव लागायचं होतं. तिनं हात जोडले आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. साहेब वाईट न्हवते हो. कामात असायचे, मान खाली घालून सह्या करायचे. पण जानकी तीन वेळा आत गेली होती आणि तीनदा तोंड न उघडता बाहेर आली होती.

मामानं मला सगळ्यांसमोर झाडलं. "लाज न्हाई तुला? तिचा जीव जायची पाळी आन तुझी मस्करी." मी कान धरले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतोय तर शेडमध्ये एक लाल प्लॅस्टिकची खुर्ची, एक पाय तारेनं बांधलेला. समोर जानकी उभी. मामा म्हणाला, "बस त्या खुर्चीवर. सायेब हो. पर मान वर करायची न्हाई."

मग तिला समजावलं. ते शब्द मी नंतर इतक्या वेळा ऐकले की झोपेतपण म्हणून दाखवीन. "आत गेल्यावर पयलं सर म्हणायचं. मग गप. त्येनी वर बघितल्याबगर एक अक्षर बोलायचं न्हाई. कागदाला सांगून उपेग न्हाई, माणसाला सांगायचं."

"आन न्हाईच बघितलं तर?" जानकी म्हणाली.

"परत सर म्हण. जरा मोठ्यानं. पर तिसऱ्यांदा म्हणायचं न्हाई. तिसऱ्यांदा म्हटलं की मागणं न्हाई ऱ्हात, भीक होती. सरळ भाईर ये. मग आपण उद्या जाऊ."

मी खुर्चीत बसून वहीत डोकं घातलं. जानकी काही बोलेना. मी मनात शंभर मोजले. शेवटी बारीक आवाज आला, "सर." मी पान उलटलं. "सर!" हा आवाज रानात गुरं हाकतात तसा. मी मान वर केली, साहेबांच्या आवाजात म्हणालो, "हां. काय पाहिजे?" आणि त्या बाईनं एका दमात सगळं सांगितलं. नवऱ्याचं नाव, घराचा नंबर, किती महिने झाले, सगळं. असं आम्ही चारदा केलं. मग ती आत गेली. आम्ही दोघं पत्र्याखाली, मामा नख चावतोय. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "त्यो सायेब तुज्यापरीस बरा हाय गा. बस म्हणाला मला."

तेव्हापासून शेडमध्ये रोजची तालीम. अर्ज मामाचा, आवाज माझा. लोक कागद घेऊन यायचे आणि खुर्चीसमोर दोनदा सर म्हणून आत जायचे. साहेबांची बदली झाली की मी चार दिवस काहीतरी निमित्त काढून आत जायचो, नवीन आवाज उचलून आणायचो.

मात्र मामाबरोबर राहून मलाही संशयाची सवय लागली. आणि माझा संशय मामावरच. टपरीवर लोक बोलायचे, हा दोन्हीकडचा माणूस हाय, आतल्यांचा एजंट हाय. मी लक्ष ठेवायला लागलो, आत कोणाला भेटतोय ते बघावं म्हणून. आणि तेव्हा ध्यानात आलं की मामा आत जातच न्हाई. कधीच न्हाई. पायरीपर्यंत माणसाला सोडतो आणि परत. ते तर मला जास्तच खटकलं. याला काय आत बंदी हाय? काय केलं असंल यानं? एकदा त्याचाच स्वतःचा म्हातारपणाच्या पेन्शनचा कागद अडकला. अर्ज लिहिला त्यानं, मोत्यासारखा. आणि माझ्यापुढं टाकला. "तू जा. तुला आवाज हाय."

"आणि तुमाला?"

"मला अक्षर हाय."

मी सोडतो काय? चहा पाजला, पाठीस लागलो. शेवटी एक दिवस पावसानं शेडबाहेर कोणी न्हवतं तेव्हा तो बोलला. ऐन तारुण्यात तो एका लाकडं कापायच्या सॉ मिलमध्ये हिशेबनीस होता. मिल आता न्हाई. तिथनं त्याला कमी केलं. तो मॅनेजरच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला. "सर म्हटलं. त्येनं मान वर न्हाई केली. परत म्हटलं. मग तिसऱ्यांदा म्हटलं..." त्यानं पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं, लावलं. मग म्हणाला, "तवापासनं कुनासमोर तोंड उघडत न्हाई माजं."

खरं सांगतो, तेव्हा मी पुरता विश्वास ठेवला न्हाई. वाटलं, काहीतरी लपवतोय. सगळ्या तालुक्याला सर म्हणायला शिकवणारा माणूस, त्याला स्वतःला एक सर म्हणता येत न्हाई? असं कुठं असतंय?

गेल्या सोमवारी मामी दुकानात आली. मामाच्या नावचे कागद आता तिच्या नावावर करायचेत. मी चहा सांगितला आणि धीर करून विचारलं, "मामी, त्या दिवशी मामा मला सर का म्हणाला? वळखलं न्हवतं काय मला?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी कप फोडलाय. "न वळखाय काय झालं? रोज इचारत व्हते, झेरॉक्सवाला आला काय म्हणून. डाक्टर आले की हे डोळे मिटून पडायचे. ते गेले की मला म्हणायचे, घरला कवा सोडतासा म्हणून इचारायचं हाय. मी म्हटलं, इचारा की. तर म्हणाले, त्यो येऊ दे. एकदा त्येच्यासमोर म्हणून बघतो. मग इचारतो."

चहावर साय आली.

म्हणजे मी डॉक्टर व्हायचं होतं. स्टुलावर बसून, वहीत डोकं घालून, मग मान वर करून फक्त म्हणायचं होतं, "हां. काय पाहिजे?" त्यानं पहिल्यांदा सर म्हटलं, मी मागं बघितलं. दुसऱ्यांदा म्हटलं, मी हसलो. आणि तिसऱ्यांदा तो म्हणाला न्हाई. स्वतःचा नियम त्यानं मोडला न्हाई, तोंड खिडकीकडं केलं.

हे मामीनं मला शहाणं करावं म्हणून सांगितलं, की तिला स्वतःलाच तसं वाटतं, की माणूस खरंच तापात बडबडत होता... सगळे संशय मी घेऊन बघितलेत. मामाच्या शेजारी दोन वर्षं काढलीत, तेवढं येतंच. पण कुठल्याही संशयानं तो दुसरा 'सर' काही बारीक होत न्हाई. मी सगळ्यांचे आवाज काढतो, पण तो काढून बघायची छाती न्हाई माझी.

चहा संपल्यावर मामी उठली. शेडमध्ये ती लाल खुर्ची अजून तशीच हाय, तारेची गाठ मामाच्या हातची. मामी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, पदर नीट केला. "बस," म्हणाली. "मलाबी जायचं हाय आत."

मी बसलो. गुडघ्यावर वही धरली आणि डोकं खाली घातलं.

"सर," मामी म्हणाली.

मी मान वर केली.

"येवड्यात बघतात व्हय गा सायेब? नीट कर."

मी परत वहीत डोकं घातलं. अक्षरं दिसत न्हवती, पण घातलं. ती परत म्हणाली, आणि शब्द पुरा व्हायच्या आत मी वर बघितलं.