तुतीखालची खुर्ची

चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक उंच खुर्चीवर बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय बघायचंय?" डोळ्यांना काय होतंय ते तो नंतर विचारी. शिवणकाम करणारीला सुईचं नेढं बघायचं असतं, ट्रक चालवणाऱ्याला रस्ता, आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाला बहुधा शेजाऱ्याच्या घरात. ज्याला जे बघायचंय ते दिसेल असा चष्मा करून द्यावा, पुढचं ज्याचं त्याने बघून घ्यावं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. त्यावर त्याचं घर चाललं, मुलगी शिकली, लग्न होऊन लांब गेली. गेल्या वर्षी बायकोही गेली. ती जरा जास्तच लांब.

तेव्हा लोक भेटायला येत, त्याचा हात हातात घेऊन बसत आणि म्हणत, "मोकळा हो रे. रडून घे." तो "हो" म्हणे. इतक्या जणांनी सांगितल्यावर रडायला हवं हे त्यालाही पटलं होतं, पण जमलं नाही ते नाहीच. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळंच झालं होतं. चहा गरम आहे की गार, हे त्याला वाफेवरून ओळखावं लागे. स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं होतं आणि सेल बदलायचा राहून गेला होता. घरात आवाज असा उरलाच नव्हता. होता तो मागच्या अंगणात.

तिथे तुतीचं झाड होतं. लग्नानंतर बायकोने कुठूनशी एक काडी आणून मातीत खोचली होती. "बघू तर लागते का," एवढीच त्या बाबतीत तिची महत्त्वाकांक्षा. काडी अशी लागली की भिंतीवरून डोकं काढून शेजारी बघू लागली. झाडाखाली बायकोची लोखंडी खुर्ची आणि खुर्चीजवळ पाण्याचं पसरट भांडं. सकाळी ती तिथे बसून पाखरांशी आणि खारींशी बोले. विषय बरेचदा नवरा हाच असे. ती गेल्यावर भांड्यात पाणी घालणं त्याने चालू ठेवलं. प्रेमाने वगैरे नाही. भांडं नळाच्या वाटेवर होतं. खुर्ची वाटेवर नव्हती, म्हणून तिच्यावर तो कधी बसला नाही.

भिंतीपलीकडे टापटीप राहत असे. हे टोपणनाव गल्लीने दिलं होतं आणि त्याला ते शिफारसपत्रासारखं वाटे. त्याच्या अंगणात मातीला प्रवेश नव्हता; सगळीकडे पांढरी फरशी. चपलांचे जोड दारात कवायतीला उभे असल्यासारखे. गाडीला रोज अंघोळ, तीही मालकाच्या आधी. अशा फरशीवर आणि अशा गाडीवर तुतीची जांभळी फळं पडत आणि ती खाऊन पाखरं जे काही करत तेही पडे. जांभळंच. टापटीपला मूलबाळ नव्हतं, पण ही एक जखम त्याने पोटच्या पोरासारखी वाढवली होती.

आधी त्याने आपल्या बाजूच्या फांद्या छाटल्या. त्यातल्या एकीवर मैनेचं घरटं होतं, ते फांदीसकट कचऱ्याच्या डब्यात गेलं. मग भिंतीच्या कडेने उकळतं मिठाचं पाणी ओतलं, त्याने त्या बाजूची पानं पिवळी पडली. भिंतीवर चिकट फळी ठेवली, तिला एक खार चिकटली आणि दुपारभर ओरडत राहिली. शेवटी टापटीपने छऱ्याची बंदूक आणली. संध्याकाळी गच्चीवर उभं राहून तो झाडात बार काढी. पाखरं कधी या बाजूला पडत, कधी त्या बाजूला. या बाजूला पडलेली चष्मेवाला सकाळी खुरप्याने खड्डा करून पुरी आणि हात धुऊन दुकानात जाई. वाईट वाटायला हवं, एवढं त्याला आठवत होतं.

मुलीचा फोन येई.

"बाबा, आईचं झाड आहे ते! तुम्ही बोललात का त्यांच्याशी?"

"बोललो."

"काय म्हणाले?"

"झाड तोडा म्हणाले."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"बघतो म्हणालो."

"बाबा!" मुलगी म्हणाली. "तुमच्या जागी आई असती ना, तर त्या माणसाला गच्चीवरून खाली उतरणं मुश्किल केलं असतं."

हे खरं होतं. म्हणून त्याने "जेवलीस का?" असं विचारलं.

टापटीपची बायकोही एकदा भिंतीपाशी येऊन कुजबुजली होती. "भाऊजी, मी काय सांगू? ह्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मीच घरात पाऊल पुसून मग श्वास घेते."

त्या वर्षी झाडावर एकच घरटं उरलं. बुलबुलांचं, मधल्या फांदीवर, खुर्चीच्या बरोबर वर. चष्मेवाल्याला ते दिसलं नव्हतं, ऐकू आलं होतं. पिल्लांचा बारीक कलकलाट सकाळी स्वयंपाकघरापर्यंत येई. हेही गेले की घर पुरतं गप्प होणार, हे त्याला उमगलं. पाणी कुठल्या दिवशी येणार नाही हे जसं माणसाला ठाऊक असतं, तसं. तो आपला भांडं भरत राहिला.

मग एक दिवस दुकानाचं दार ढकलून टापटीप आत आला. पायपुसण्यावर चारदा पाय पुसून.

"डोळे तपासायचेत," तो म्हणाला. "हल्ली नेम... हल्ली नीट दिसत नाही."

चष्मेवाल्याने त्याला उंच खुर्चीवर बसवलं. "काय बघायचंय?"

टापटीपने खुर्चीच्या हातावरची धूळ बोटाने पुसली. समोरच्या माणसाच्याच झाडावरची पाखरं टिपायला त्या माणसाकडेच चष्मा मागायचा, ही गोष्ट बेशरमपणाची आहे हे त्याला कळत होतं. दुसऱ्या दुकानात जावं, तर ते चौकात, आणि चौकात धूळ फार. तो म्हणाला, "वाचायचं. पेपर. बारीक अक्षर."

"लांबचं?"

"लांबचं मला लख्ख दिसतं."

तरी चष्मेवाल्याने सवयीने लांबचा तक्ता वाचायला लावलाच. वरच्या दोन ओळी टापटीपने वाचल्या आणि तिसऱ्या ओळीला "हा काहीतरी डाग आहे," म्हणाला. चष्मेवाल्याने लांबचा नंबर आपल्या चिठ्ठीवर टिपला, पण चष्मा केला वाचायचा, कारण मागितला वाचायचा होता. जाड काचांचा, गुबगुबीत.

त्याच्याकडे चष्मा देण्याची एक रीत होती. लांबचा चष्मा असेल तर गिऱ्हाईकाला दारात नेऊन रस्त्यापलीकडची पाटी वाचायला लावायची. जवळचा असेल तर हातात वर्तमानपत्र द्यायचं. टापटीपच्या हातात वर्तमानपत्र दिलं गेलं. त्याने हवामानाचा अंदाज खणखणीत आवाजात वाचला. त्याची नजर एकदोनदा दाराकडे गेली, पण दारात नेऊन दाखवा असं म्हणायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. शिवाय काच एवढी जाड म्हटल्यावर सगळंच स्पष्ट दिसणार, असा त्याचा सरळ हिशेब होता.

त्या संध्याकाळी गच्चीवर बार झाला. पाठोपाठ धबधबा कोसळल्यासारखा आवाज. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून टापटीपच्या बायकोचा, वहिनींचा स्वर आला, वर्षानुवर्षांचा कोंडलेला आणि त्यामुळे जवळजवळ आनंदी: "टाकी फोडलीत! स्वतःची टाकी फोडलीत! आता पुसा फरशी!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच टापटीप दुकानात हजर झाला. आत फ्रेम निवडत बसलेली एक मास्तरीणबाई होती, तिच्याकडे न बघता त्याने चष्मा काउंटरवर ठेवला.

"याने लांबचं काही दिसत नाही."

"वाचायचा आहे तो."

"मग लांबचा करून द्या."

"लांब काय बघायचंय?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," चष्मेवाला म्हणाला. "पण गिऱ्हाईकाने सांगावं लागतं."

मास्तरीणबाईने हातातली फ्रेम सावकाश खाली ठेवली. टापटीपने खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, परत तशीच घातली. "पाखरं," तो म्हणाला. "तुमच्या झाडावरची. आता झालं समाधान? माझी फरशी बघायला या एकदा, मग बोला."

चष्मेवाला थांबला. आता राग येईल, असं त्याला वाटलं. बस येईल म्हणून थांब्यावर उभं राहावं तसा तो रागाची वाट बघत राहिला. आला नाही. नुसता स्वतःचा आवाज त्याला ऐकू आला: "त्यासाठी मी चष्मा करत नाही."

असं वाक्य त्या दुकानात पूर्वी कोणी उच्चारलं नव्हतं.

"गावात तुमचं एकट्याचंच दुकान आहे की काय?"

"नाही. चौकात आहे. औषधांच्या दुकानाशेजारी, हिरवी पाटी." आणि गिऱ्हाईकाला नंबराची चिठ्ठी दिल्याशिवाय कधी पाठवायचं नाही, या जन्माच्या सवयीने त्याने टापटीपच्या लांबच्या नंबराची चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. टापटीपने ती चौघडी करून खिशात ठेवली आणि गेला.

"तुम्ही त्याला नंबर दिलात?" मास्तरीणबाई म्हणाली.

"हो."

"अहो, चष्मा नाही म्हणालात आणि नंबर दिलात! म्हणजे चोराला घरात घेणार नाही, पण ही घ्या किल्ली!"

चष्मेवाल्याने आपल्या हाताकडे बघितलं. हात नेहमीसारखाच होता. नंबर अगदी बरोबर काढलेला होता, त्यात तर शंकाच नव्हती. तेच तर वाईट झालं होतं. चौकातला माणूस कामाला चोख होता. चार दिवसांत चष्मा तयार होणार, आणि पिल्लांना तर अजून धड पंखही नव्हते.

मुलीला फोन करावा असं त्याच्या मनात आलं, पण मग नंबराचंही सांगावं लागलं असतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याने दुकान लवकर बंद केलं. घरी येऊन भांडं भरलं. नळापासून परत यायचं, ते तो खुर्चीकडे गेला. खुर्चीवर पानं साचली होती, ती झाडली आणि बसला. लोखंड गार होतं. ते त्याला वाफेशिवाय समजलं. वर पिल्लांचा गोंधळ चालला होता. त्याने पेपर उघडला.

गच्चीवर टापटीप आला. नाकावर नवा चष्मा, हातात बंदूक. त्याने बंदूक उचलली, खाली केली, परत उचलली.

"बाजूला व्हा!"

"वाचतोय," चष्मेवाला म्हणाला.

"छर्रा लागेल!"

"दिसतोय ना मी नीट?"

टापटीपला नाइलाजाने सांगावं लागलं, "दिसताय."

"मग कसा लागेल?"

टापटीपने बंदूक खाली केली. अंधारून येईपर्यंत एक माणूस वर बंदूक घेऊन उभा होता आणि एक खाली पेपर घेऊन बसला होता. दोघांनाही आपापलं काम पुढे नेता येत नव्हतं, कारण चष्मेवाल्याचा वाचायचा चष्मा दुकानात राहिला होता.

मग तो सकाळीही बसू लागला. दुकानावर "उशिरा उघडेल" अशी पाटी लागली. लोकांना वाटलं, बिचारा आता खचला. मुलीला टापटीपच्या बायकोनेच परस्पर कळवलं, आणि मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही झाडाखाली बसून करता काय?"

"काही नाही. बसतो."

"आईसारखं बोलता का पाखरांशी?"

"नाही. तीच बोलतात."

"किती दिवस बसणार?" असं टापटीपनेही गच्चीवरून विचारलं होतं. "तुम्ही किती दिवस उभे राहणार?" असं चष्मेवाल्याने विचारलं. त्यात भांडण नव्हतं, चौकशी होती. नंतर नंतर टापटीप बंदूक कठड्याला टेकवून ठेवू लागला. त्याच्यासाठी वहिनींनी वर एक स्टूल नेऊन दिलं. "उभं राहून पाय सुजतात हो ह्यांचे," त्या भिंतीवरून म्हणाल्या, आणि हसू दाबायला तोंडावर पदर धरला.

पिल्लं कुठल्या दिवशी उडाली ते चष्मेवाल्याला सांगता आलं नसतं. एका सकाळी वर गोंधळ नव्हता, आणि मग तोच गोंधळ झाडाच्या शेंड्याकडून आला. तो वर बघत असताना एक पिकलेली तुती त्याच्या पांढऱ्या शर्टावर पडली, आणि पाठोपाठ दुसरी. दुकानाची वेळ झाली होती. बायको अशा वेळी ओरडे आणि ओरडता ओरडता कच्ची तुती तोडून डागावर चोळे. पिकल्या तुतीचा डाग कच्च्या तुतीनेच जातो. हे त्याला आठवलं ते तिच्या आवाजात आठवलं, आणि त्याचा हात फांदीवर तसाच राहिला. बराच वेळ. मग त्याने एक हिरवी तुती तोडली, चिरडली, आणि नळाखाली शर्ट ओढून धरून चोळत बसला. डाग फिका झाला. डोळ्यांना पाणी आलं ते बहुधा नळाचं उडालं असावं.

तो उठला, तेव्हा गच्चीवरून आवाज आला.

"अहो चष्मेवाले! उजव्या बाहीवर राहिलाय एक. कोपराच्या मागे."

चष्मेवाल्याने कोपर वळवून बघितलं. होता. वाटाण्याएवढा. एवढ्या लांबून एवढा डाग दिसला, म्हणजे नंबर अगदी बरोबर लागला होता.

"बरं," तो म्हणाला, आणि आणखी एक कच्ची तुती तोडली.